'सायबर दरोडा' : संकल्पना, वास्तव आणि कथन – एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठीत 'दरोडा' या शब्दाला शारीर अर्थ आहे. मशाली, दारावरचे घाव, घरातल्यांचा आकांत हे सारे त्या शब्दाबरोबर येते. कायद्यानेही हा अर्थ राखलेला दिसतो. पाच किंवा अधिक व्यक्ती आणि बळाचा वापर अथवा भीती हे घटक भारतीय दंड संहितेच्या कलम 391 मध्ये अभिप्रेत होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 310 मध्येही ते आहेत. मग संगणकाद्वारे झालेल्या बँकेच्या लुटीला 'सायबर दरोडा' म्हणताना नेमके काय सूचित होते आणि काय झाकले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लुटीचे बदललेले स्वरूप :
फेब्रुवारी 1987 मध्ये लुधियानात पोलिसांच्या गणवेशात आलेल्या दहशतवाद्यांनी पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतून सुमारे 5 कोटी 70 लाख रुपये नेले. तेथे लुटीची मर्यादा तिजोरीतील रोकड आणि ती वाहून नेण्याची क्षमता यांनी ठरली होती. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून 11 व 13 ऑगस्ट 2018 रोजी सुमारे 94 कोटी 42 लाख रुपये गेले, तेव्हा या दोन्ही मर्यादा उरल्या नव्हत्या. एटीएममधून आलेली मागणी स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि शिल्लक तपासून मंजुरी मिळते. येथे बनावट स्विचने ती मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचूच दिली नाही. मंजुरी परस्पर दिली. परिणामी 28 देशांत सुमारे 12 हजार व्यवहारांतून 78 कोटी आणि भारतात रुपे कार्डांद्वारे अडीच कोटी रुपये काढले गेले. 13 तारखेला स्विफ्ट प्रणालीतून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवण्यात आले. म्हणजेच, प्रथम चोरला गेला तो व्यवहार मंजूर करण्याचा अधिकार. पैसा त्यानंतर गेला.

सातत्याचे घटक :
तथापि, जुना दरोडा संपून नवा सुरू झाला, असे मानणे घाईचे ठरेल. पाळत आणि सवडीची वेळ हे दरोड्याचे जुने घटक येथेही आहेत. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे सुमारे 95 कोटी डॉलरच्या 35 सूचना गेल्या. ढाक्यातील शुक्रवार-शनिवारची सुट्टी, न्यूयॉर्कचा रविवार आणि मनिलातील चिनी नववर्षाची सुट्टी एकापाठोपाठ एक येतील, हे हेरूनच तो काळ निवडलेला दिसतो. पुण्यातील 11 ऑगस्ट हाही महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचाच दिवस होता. ढाक्यात व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर आधीच निकामी झाला होता. जुन्या दरोड्यात पहारेकऱ्याचे तोंड बांधले जाई, त्याचेच हे रूप होय. श्रीलंकेकडे जाणारी 2 कोटी डॉलरची रक्कम एका स्पेलिंगच्या चुकीमुळे अडली, तरी 8 कोटी 10 लाख डॉलर मनिलात पोहोचले.

शिवाय नोटा हाती घेण्यासाठी माणसे लागतातच. कोल्हापुरातील एटीएमसमोरही अशी माणसे उभी राहिली. कॉसमॉस प्रकरणी एप्रिल 2023 मध्ये पुण्यातील न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. पैसे काढणारे हात न्यायालयापुढे आले. याउलट, ढाक्याच्या लुटीसाठी अमेरिकेने 2018 व 2021 मध्ये उत्तर कोरियाच्या ज्या नागरिकांवर आरोप ठेवले, त्यांच्यावर खटला उभा राहू शकलेला नाही. टोळीतील अंतर आता खंडांचे झाले आहे आणि शिक्षेची वाटणीही त्यानुसार होते.

लोकप्रिय कथनाची मर्यादा :
ढाक्याच्या घटनेनंतर वर्षभराने, 2017 मध्ये, 'मनी हाइस्ट' ही स्पॅनिश मालिका आली. तिच्यातील टोळी लाल पोशाख आणि मुखवटे घालून टांकसाळीत शिरते, लोकांना ओलीस ठेवते आणि नव्या नोटा छापते. वास्तवातील लूट चेहराहीन होत असताना कथेने मुखवट्याकडे परतावे, हे अर्थपूर्ण आहे. पडद्यावर सर्व्हर दाखवून भीती निर्माण होत नाही. परंतु टोळी कोणाच्या खिशातले काही घेत नाही, हा त्या कथेतील युक्तिवाद अधिक चिकित्सेची मागणी करतो. कॉसमॉसच्याही एकाही ठेवीदाराच्या खात्यातून रक्कम वजा झाली नाही. मात्र सहकारी बँकेचा तोटा अंतिमतः तिच्या सभासदांचाच असतो. जखम न दिसल्याने बळीच नाही, असा समज येथे दृढ होतो.

समारोप :
हॅकिंगमुळे बँकेच्या लुटीचे स्थळ, प्रमाण आणि वेग बदलला; तिची योजना फारशी बदललेली नाही. 'सायबर दरोडा' हा शब्द हल्लेखोराच्या चातुर्यावर प्रकाश टाकतो आणि न तपासलेला स्विच, सुट्टीच्या दिवशी नसलेली देखरेख यांना अंधारात ठेवतो. दारावर दरोडा पडला, की दार कोणी उघडे ठेवले हे गाव विचारत असे. आज तो प्रश्न सभासदांनी वार्षिक सभेत विचारणे आवश्यक आहे.