दहा फुटी काठी आणि संहितेतील मोकळ्या जागा

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या तीन पुस्तिका एका पेटीत घालून विक्रीस आल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्यांचे कर्ते. पहिली आवृत्ती अवघ्या १००० प्रतींची. पहिल्या पुस्तिकेत पात्रांनी विकत घ्यावयाच्या सामानाची एक यादी आहे. दोर, मशाली, तेल यांच्याबरोबर तीत दहा फूट लांबीची एक काठीही आहे. तिची किंमत दिलेली आहे. तिचे काय करायचे हे मात्र सांगितलेले नाही. भुयारातील जमीन पुढे ठोकून पाहण्यासाठी खेळाडूंनी ती वापरली, हा तिचा उपयोग खेळणाऱ्यांच्या बोलण्यातून सिद्ध झाला. गेल्या दोन दशकांत हजारो खेळाडू नव्या, सुबक आवृत्त्या बाजूला ठेवून या जुन्या वळणाच्या खेळाकडे परतले आहेत. त्यांच्या परतण्याचा अर्थ लावताना या काठीपासून आरंभ करणे उपयुक्त ठरते.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. या भूमिकाखेळात सारीपाटासारखा पट नसला तरी चालते. एक जण पंच होतो. तो जागेचे वर्णन करतो. इतर जण एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते सांगतात. परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. म्हणजे येथे तीन स्तर आहेत : नियमांची संहिता, भुयाराचा आराखडा आणि प्रत्यक्ष संभाषण. यांपैकी 'कृती' कोणती, हा साहित्यविचाराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होय. नाटकाच्या संदर्भात संहिता आणि प्रयोग यांचा वाद आपल्याला परिचित आहे. परंतु नाटकाच्या संहितेत संवाद असतात. येथील संहितेत केवळ संवादाच्या शक्यता असतात.

या खेळाचा पुढचा इतिहास बव्हंशी या शक्यता भरून काढण्याचा इतिहास आहे. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने 'चोर' हा पात्रवर्ग आणला आणि सापळा निकामी करण्याच्या त्याच्या कसबाला टक्केवारी दिली. वरवर ही एक भर होती. पण जे आजवर कोणीही बोलून करू शकत होता ते आता एका वर्गाचे आकड्यांत मोजलेले कौशल्य झाले. १९८४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेत कथानक आधीच ठरलेले होते. महत्त्वाचे पात्र मेलेच, तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवून त्याला पुढे परत आणण्याची सोयही तीत होती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 'शोध' हे कौशल्य ठरले : वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात गुण मिळवायचे आणि ठरावीक आकड्याशी ताडून पाहायचे. काठी यादीत राहिली, पण तिचे प्रयोजन क्षीण झाले.

प्रत्येक बदलामागे सबळ कारण होते, हे नाकारण्याचे कारण नाही. लाजाळू खेळाडूला वाक्चतुर पात्र साकारता यावे, पंचाच्या लहरीला आळा बसावा, कथेला आकार यावा, या अपेक्षा गैर नव्हत्या. तरीही २००६ मध्ये 'ऑस्रिक', २००७ मध्ये 'लॅबिरिन्थ लॉर्ड', २००८ मध्ये 'स्वोर्ड्स अँड विझर्ड्री' आणि २०१९ मध्ये 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' अशी जुन्या नियमांची पुनर्लेखने एकामागून एक आली. ही पुनर्लेखने शक्य झाली त्यामागे एक मार्मिक विसंगती आहे. अमेरिकी स्वामित्वहक्क कायदा शब्दरचनेला संरक्षण देतो, खेळाच्या पद्धतीला देत नाही. आशय आणि अभिव्यक्ती अभिन्न असतात असे आपली समीक्षा सांगत आली. येथे मात्र त्यांची फारकत करूनच परंपरा पुन्हा उपलब्ध झाली.

या परतण्याचे 'स्मरणरंजन' असे स्पष्टीकरण सहज दिले जाते. पौगंडावस्थेत खेळलेला खेळ चाळिशीत पुन्हा हवासा वाटला, एवढेच त्यात आहे असे म्हटले जाते. काहींच्या बाबतीत ते खरे असेलही. परंतु १९८१ च्या नियमांवर आधारलेली पुस्तके आज जे विशीतले लोक खेळतात, त्यांच्यापाशी त्या काळाची स्मृतीच नाही. शिवाय मॅट फिंच यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या छोट्या मार्गदर्शिकेत भर आठवणींवर नसून पद्धतीवर आहे : पंचाने नियम शोधत बसण्यापेक्षा प्रसंगानुसार निवाडा द्यावा आणि पात्राच्या आकड्यांपेक्षा खेळाडूच्या युक्तीला महत्त्व असावे. ही मांडणी मूलतः वाचनाच्या रीतीविषयीची आहे.

वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागांचा विचार मांडला तो येथे उपयोगी पडतो. संहिता जे सांगत नाही तेथे वाचक क्रियाशील होतो, हे त्यांचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. मात्र या खेळात एक महत्त्वाचा भेद आहे. कादंबरीतील रिक्त जागा वाचकाने कशीही भरली तरी कादंबरी त्याला उलट उत्तर देत नाही. येथे भुयार उत्तर देते. काठी न टेकवता पाऊल टाकले तर खड्डा उघडतो. १९७४ च्या नियमांत नवख्या पात्राचे प्राणांक साधारणतः एका फाशावर ठरत आणि एका घावाची हानीही तशाच एका फाशावर. म्हणजे चुकीच्या वाचनाची किंमत पात्राच्या प्राणांनी मोजावी लागे. १९८१ च्या नियमांत अनुभवगुण मुख्यतः खजिन्यातील सुवर्णनाण्यांमागे मिळत, राक्षस मारून मिळणारे त्या मानाने थोडे. त्यामुळे लढाई टाळणे, बोलणी करणे, पळून जाणे यांना अर्थ होता. वीरकथेचा साचा नियमांनीच नाकारला होता.

कोकणातील दशावताराचे उदाहरण येथे आठवते. तेथेही लिखित संवाद नसतात. आख्यान ठाऊक असते आणि नट उत्स्फूर्तपणे बोलतात. पण आख्यानाचा शेवट नटाला आणि प्रेक्षकाला आधीच माहीत असतो. जुन्या वळणाच्या खेळात तो कोणालाच, पंचालाही, माहीत नसतो. कथा आधी रचून नंतर घडवली जात नाही. जे घडले त्याची कथा मागाहून सांगितली जाते. परतणारे खेळाडू शोधतात ती ही अनिर्णितता होय, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ज्या कथेत आपण मरू शकत नाही तीत आपल्या निवडीला वजन नसते, ही त्यांची मूळ तक्रार आहे.

तथापि या भूमिकेतील अडचणींकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पहिली ऐतिहासिक आहे. जॉन पीटरसन यांच्या २०२० च्या 'द इल्युसिव्ह शिफ्ट' या ग्रंथातून दिसते की, खेळ की कथा हा वाद सत्तरच्या दशकातही चालू होता. एकजिनसी असे 'जुने वळण' तेव्हाही नव्हते. गायगॅक्स यांची १९७९ ची पंचांसाठीची पुस्तिका तर कोष्टकांनी गच्च भरलेली आहे. परतणाऱ्यांनी भूतकाळातून निवड केली आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्रीपात्रांच्या बळाला पुरुषांपेक्षा कमी मर्यादा घातली होती. 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स'सारख्या पुस्तकांत असा नियम नाही. ही निवड योग्यच आहे, पण ती निवड आहे हे मान्य केले पाहिजे. परंपरा वारशाने मिळते तितकीच ती मागे वळून घडवलीही जाते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. संहिता मौन पाळते तेथे सत्ता नाहीशी होत नाही. ती पंचाकडे जाते. काठीने खड्डा सापडला की नाही हे अखेर तोच ठरवतो. नियमांच्या जाड ग्रंथापाशी खेळाडूला दाद मागता येते. मोकळ्या जागेत त्याला केवळ विश्वासावर राहावे लागते. आणि मेजाभोवती ज्याचा शब्द आधीच कमी ऐकला जातो त्याची युक्तीही कमी मोलाची ठरण्याचा धोका उरतोच. वाचकाच्या स्वातंत्र्याचा गौरव करताना त्या स्वातंत्र्याचा निवाडा कोण करतो हा प्रश्न आपल्या समीक्षेतही पुष्कळदा राहून जातो. हा खेळ तो टाळू देत नाही, कारण निवाडा करणारा समोरच बसलेला असतो.

म्हणून या परतण्याला प्रतिगामी म्हणणे जितके उथळ, तितकेच त्याला मुक्तीचे नाव देणे भाबडेपणाचे आहे. खेळाडू जुन्या पुस्तकाकडे परतले असे म्हणण्यापेक्षा पुस्तक आणि बोलणे यांच्यातील एका जुन्या नात्याकडे परतले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. त्या नात्यात पुस्तक थोडे सांगते, माणसे एकमेकांना विचारतात, आणि उत्तराची जोखीम सर्वांनी मिळून घ्यायची असते. सामानाच्या यादीत काठीपुढे उपयोग लिहिलेला नव्हता, तो या अर्थाने राहून गेलेला नव्हता. तो खेळणाऱ्यांसाठी सोडलेला होता. तो आपण कोणाबरोबर आणि कोणाच्या भरवशावर भरून काढतो, यावर त्या मोकळ्या जागेचे मोल ठरणार आहे.