‘कोयता’ : एका गणनसंज्ञेची चिकित्सा

कामगारांच्या वर्तनाचा विचार करणाऱ्या व्यवस्थापनशास्त्रात वय, लिंग, वैवाहिक स्थिती, सेवाकाल ह्या भेदांना मोठे स्थान आहे. गैरहजेरी, कामाचा वेग, नोकरी सोडण्याची प्रवृत्ती ह्यांचा संबंध त्या भेदांशी लावून दाखविणे ही त्या शास्त्राची रूढ पद्धती होय. १९८९ मध्ये ॲन त्सुई व चार्ल्स ओ’रायली ह्यांनी तीत एक दुरुस्ती सुचविली. कामगाराचे वय किंवा लिंग स्वतंत्रपणे पाहण्यापेक्षा वरिष्ठाच्या तुलनेत तो कितपत निराळा आहे हे पाहावे, असे त्यांचे म्हणणे. दुरुस्ती मोलाची खरी. परंतु काम करणारी व्यक्ती एकेकटी मोजता येते, हजेरी व मजुरी तिच्या स्वतःच्या नावे असते, हे मूळ गृहीत तीतही अबाधित राहिले. मराठवाड्यातील ऊसतोडीच्या परिभाषेपुढे ते टिकत नाही.

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद मार्गावरील, कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. ह्या टापूत मराठीच्या जोडीला कन्नड, दखनी आणि तांड्यांवरील गोरमाटी कानी पडते. विविधतेचा अभ्यासक येथे आला तर तो प्रथम भाषा मोजील, मग जाती. पण दिवाळीच्या सुमारास धाराशिव, बीड आदी जिल्ह्यांतून टोळ्या साखरपट्ट्याकडे निघतात, तेव्हा मुकादम मोजतो ते कोयते. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटे माणूस ‘अर्धा कोयता’. हत्याराचे नाव माणसाला देणे हा लक्षणेचा नित्याचा प्रकार आहे व त्यात नवल काही नाही. नवल आहे ते संख्येचे. एका हत्याराच्या नावाखाली दोन देह एक धरले जातात, उचल जोडीवर दिली जाते आणि तिचा व्यवहार सामान्यतः पुरुषाशी होतो. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे, ती डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे ह्या कामांत स्त्रीचा वाटा उघड दिसतो. हिशेबात मात्र तो वेगळा दिसत नाही.

ग्रंथांत वैवाहिक स्थिती हा वर्तनावर परिणाम करणारा एक घटक मानला जातो. येथे ती कामावर घेतले जाण्याची जवळजवळ अटच होऊन बसते. घरात लग्न झाले की एक कोयता वाढतो.

‘खाडा’ हा शब्द याहूनही बोलका आहे. शहरी घरात दूधवाल्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे वजा, एवढाच अर्थ. फडात त्याला दंडाची छटा येते : मजुरी बुडते आणि वर मुकादम रक्कम कापतो. शिवाय हा खाडा व्यक्तीचा नसून कोयत्याचा असल्याने स्त्री आजारी पडली तरी भुर्दंड दोघांवर पडतो. ताप अंगात असता ती फडात उभी राहते, ह्याला चिकाटी म्हणावे काय? गैरहजेरीचे आकडे स्त्री-पुरुषभेदाने मांडणाऱ्याला येथे स्त्रीची गैरहजेरी कमी आढळेल, आणि तो तीवरून स्वभावाचे अनुमान काढील. ते अनुमान चुकीचे ठरेल, कारण त्या हजेरीत स्वभाव नसून हिशेबाची रीत उमटलेली असते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणे अनेक होती. लहान वयातील लग्ने व बाळंतपणे, अस्वच्छ वस्ती, खाजगी दवाखान्यांचा लोभ ही त्यांतली काही. परंतु पाळीच्या दिवसांतील खाड्याची धास्तीही त्यांत होतीच.

‘कोयता’ हा केवळ सोयीचा बोलीतला शब्द आहे, त्यावर एवढा भार घालू नये, असा आक्षेप संभवतो. शब्द बोलण्यापुरता असता तर आक्षेप मान्य झाला असता. पण हा शब्द मुकादमाच्या वहीत रकाना होऊन बसला आहे, आणि त्या रकान्यात दुसरे नाव लिहिण्यास जागा नाही.