हरितगृहातील जैविक कीडनियंत्रण : प्रचलित मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना :
हरितगृहातील भाजीपाला पिकांविषयीच्या लेखनात मित्रकीटकांचा उल्लेख बहुधा कीटकनाशकाच्या बाटलीला पर्याय म्हणून येतो. कीड दिसली, मित्रकीटक सोडले, कीड आटोक्यात आली, अशी ही मांडणी असते. ती अपुरी आहे, हे स्पेनमधील अल्मेरिया प्रांताच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
अल्मेरियात सुमारे ३० हजार हेक्टर क्षेत्र हरितगृहांखाली आहे. २००६ च्या अखेरीस तेथील ढोबळी मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल या अवैध कीटकनाशकाचे अंश जर्मनीत आढळले. त्यानंतर काही हंगामांतच बहुतांश मिरची उत्पादक जैविक नियंत्रणाकडे वळले. या परिवर्तनामागे शास्त्राइतकाच बाजारपेठेचा दबाव होता, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते.

यशाचे दुसरे कारण खुद्द पिकात आहे. ॲम्ब्लिसियस स्विर्स्की हा भक्षक कोळी फुलकिडे व पांढरी माशी या दोन्ही किडींवर जगतो. कीड विरळ असताना मिरचीच्या परागकणांवर तग धरतो. टोमॅटोच्या पानांवरील चिकट ग्रंथियुक्त लव मात्र त्याच्या हालचालीस अडथळा आणते. म्हणून टोमॅटोत नेसिडिओकोरिस टेन्युइस या परभक्षी ढेकणाचा आधार घ्यावा लागतो. हा ढेकूण पांढऱ्या माशीवर आणि पाने व फळे पोखरणाऱ्या टुटा ॲबसोल्युटाच्या अंड्यांवर उपजीविका करतो. पण भक्ष्य संपताच टोमॅटोचाच रस शोषतो. खोडावर तपकिरी वलये पडतात, फुले गळतात. मित्र कोणता आणि शत्रू कोणता, हे येथे संख्येवर ठरते.

दक्षिण अमेरिकेतील टुटा स्पेनमध्ये २००६ साली आढळली. भारतात तिची पहिली नोंद २०१४ मध्ये महाराष्ट्रातून झाली. नेसिडिओकोरिस आपल्याकडेही निसर्गतः आढळतो. त्यामुळे केवळ परदेशी मित्रकीटकांची वाट पाहण्यापेक्षा, असलेला परभक्षी फवारणीतून कसा वाचेल, हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

निष्कर्ष :
जैविक नियंत्रण ही वस्तू नसून व्यवस्था आहे. पीक, परागकण, आधीच्या फवारणीचे अंश, किडींची नियमित मोजणी आणि बाजारपेठ हे तिचे घटक होत. यांचा विचार न करता कर्ज काढून पॉलीहाऊस उभारलेल्या शेतकऱ्याला मित्रकीटक सुचविले, तर ते विषारी अंशांनी मरतात आणि दोष मात्र पद्धतीला लागतो. तो शेतकरी पुन्हा फवारणीकडे वळतो. अध्यापनात आणि लेखनात मित्रकीटकांची केवळ नामावली न देता त्यांच्या जगण्याच्या अटी सांगितल्या गेल्या पाहिजेत.