न्यायमूर्ती हार्लन : एका वाक्यापलीकडे

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना. गुलामी कायद्याने संपली; पण काळ्या माणसाला समान हक्क किती, हे पुढे तिथल्या न्यायालयांत ठरत गेले. त्या इतिहासात न्या. जॉन मार्शल हार्लन यांचे नाव आदराने घेतले जाते. केंटकीत एकेकाळी स्वतः गुलाम बाळगणारा हा माणूस १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. १८९६ च्या प्लेसी खटल्यात न्यायालयाने काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे सात विरुद्ध एक मतांनी वैध ठरवले. तो एक म्हणजे हार्लन. राज्यघटना रंग पाहत नाही, हे त्यांचे भिन्नमत गाजले.

तेवढ्यावरच मीही त्यांना मोठे मानत होतो. मग ते भिन्नमत मुळातून वाचले. त्यात एक युक्तिवाद असा : नागरिकत्वालाही अपात्र असलेला चिनी गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतो आणि देशासाठी लढलेला काळा नागरिक बसू शकत नाही. एकाचा हक्क मांडताना दुसऱ्याचे परकेपण त्यांनी गृहीतच धरले. दोन वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कला नागरिक ठरवणाऱ्या निकालालाही त्यांचा विरोध होता.

१८९९ चा कमिंग खटला अधिक अडचणीचा आहे. जॉर्जियातील रिचमंड काउंटीच्या शिक्षण मंडळाने काळ्या मुलांचे हायस्कूल बंद केले, गोऱ्या मुलींचे चालू ठेवले. मंडळाच्या बाजूचा एकमताचा निकाल हार्लन यांनीच लिहिला. समर्थक म्हणतात, गोऱ्यांच्या शाळेचा खर्च रोखून काळ्या मुलांना काय मिळाले असते? मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण डब्यांच्या कायद्यामागचा खरा हेतू सर्वांना ठाऊक आहे, असे बजावणाऱ्या न्यायाधीशाला इथे मात्र वंशद्वेषाचा पुरावा सापडला नाही!

म्हणून त्यांना ढोंगी ठरवावे काय? नाही. १९०८ मध्ये बेरिया कॉलेजात काळे-गोरे एकत्र शिकण्यास बंदी घालणारा कायदा न्यायालयाने उचलून धरला, तेव्हाही त्यांनी विरोधच नोंदवला. मात्र २०२३ मध्ये हार्वर्डचे वंशाचा विचार करणारे प्रवेशधोरण रद्द करतानाही त्यांच्या त्या भिन्नमताचा आधार घेतला गेला. त्यांचे नाव घेऊन आजही निकाल लागत असतील, तर प्लेसीबरोबर कमिंगही वाचायलाच हवा.