पाहुणा कोण? हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम वाचताना

आज समीक्षेसाठी आम्ही कादंबरी घेतलेली नाही, हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेतलाय. अभ्यासक्रम हाही एक मजकूरच असतो. त्यात कोणाला मानाचं पान मिळालं आणि कोणाला दाराशी बसवलं, हे वाचता येतं.

मांडणी ओळखीची आहे: फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस. स्वयंपाकघरात बेशामेल, हॉलंडेज वगैरे पाच 'मदर सॉस'. ही शिस्त आम्ही मोडीत काढत नाही. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली राखायचं, हे ज्ञान झुणक्यालाही लागतंच की. आमचा आक्षेप वेगळा आहे. या मजकुरातला पाहुणा जवळपास नेहमीच सुटकेस घेऊन येतो.

आता बुटीबोरीला या. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडवर. इथल्या एमआयडीसीत जेवणारा माणूस पाळीवर येतो, हातात डबा किंवा कॅन्टीनचं कूपन. १९४८च्या कारखाने कायद्यात २५०पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी कॅन्टीनची तरतूद होती. त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, असंही त्यात होतं. २०२०च्या संहितेत हा आकडा कंत्राटी कामगार धरून १००वर आला. म्हणजे काम वाढणार. पण कॅन्टीनला अभ्यासक्रमात जागा किती? 'क्वांटिटी फूड प्रॉडक्शन'मधला एक घटक. शेकडो लोकांना अर्ध्या तासात गरम जेवण देणं, रात्रपाळीला पोटाला जड होणार नाही असं रांधणं, ठरलेल्या दरात डाळ पातळ न करणं, ही कसबं तिथे आटोपती घेतली जातात.

कोणी म्हणेल, हॉटेलचा कोर्स हॉटेलचंच शिकवणार. बरं, मग इतिहास बघा. मुंबईला दादरची संस्था १९५४मध्ये सुरू झाली, ती लीलावती मुन्शींच्या पुढाकारातून, अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने काढलेली. देशात अन्नटंचाईची आठवण ताजी होती. या शिक्षणाच्या मुळाशी जेवू घालण्याचा प्रश्न होता. तारांकित हॉटेलं नंतर आली.

आणि कम्युनिटी कॉलेज? यूजीसीने बाराव्या पंचवार्षिक योजनेत ही कल्पना मांडली, ती आसपासचा रोजगार ओळखून, तिथल्या उद्योगांना सोबत घेऊन शिकवण्यासाठी. बुटीबोरीसारख्या गावी असा कोर्स चालवायचा तर प्रात्यक्षिक कॅन्टीनमध्ये हवं, आणि परीक्षेत भाताचं गणित हवं. नाहीतर मुलगा शिकतो मुंबई-गोव्यासाठी, आणि गावातल्या कॅन्टीनचं कंत्राट हे न शिकलेल्याकडेच राहतं. तोटा दोघांचाही: मुलाचा, आणि रोज तिथे ताट धरून उभ्या असलेल्या माणसाचा.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: सॉस राहू द्या, पण पाहुण्याची व्याख्या बदला. त्याला 'सर' म्हणायला शिकवता ना? मग कूपन घेऊन आलेल्यालाही म्हणा. आता तुमचे प्रश्न घेऊ.