सहा गठ्ठ्यांबाहेरचा माणूस

फाईल कुठे आहे हे एकट्यालाच ठाऊक असणे, ही कचेरीतली फार जुनी सत्ता. तो कारकून रजेवर गेला की अर्जदार काय आणि साहेब काय, दोघेही सारखेच हतबल. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी या सत्तेला हात घातला, तो कागद लावण्याची रीत बदलून. प्रत्येकाच्या मेजाशी सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेखागारात पाठवायचे आणि नष्ट करायचे. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ही पद्धत पुढे राज्यभर गेली.

व्यवस्थापनाच्या अंगाने तिचे कौतुक पुष्कळ झाले. मी ती नाटकाच्या नेपथ्यासारखी वाचतो. दार कुठे आहे त्यावर कोण कोणाला भेटणार हे ठरते. गठ्ठे आले आणि वरिष्ठाचा प्रश्न बदलला. ‘कामं कशी चाललीत?’ या प्रश्नाला ‘चाललीत साहेब’ एवढे उत्तर पुरते. ‘प्रलंबितच्या गठ्ठ्यात किती?’ याला आकडाच द्यावा लागतो. शेजारचा कारकूनही आता फाईल काढू शकतो. माणसे तीच, पगार तोच. बोलणे मात्र वेगळे. हे यश लहान नाही.

पण दुसरा गठ्ठा मला खटकतो. ‘प्रतीक्षाधीन’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलेले. एक त्रुटीपत्र धाडले की प्रकरण पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात सरकते, प्रलंबितचा आकडा उतरतो आणि काम जागच्या जागी राहते. सहाही गठ्ठ्यांची तोंडे साहेबांकडे आहेत. खिडकीबाहेरच्या माणसाला या रचनेत जागाच नाही. त्याला आत काय आहे हे विचारण्याचा हक्क 2005च्या माहिती अधिकार कायद्याने आला, ठराविक मुदतीत सेवा मागण्याचा 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने. म्हणजे नेपथ्यात जे दार ठेवलेच नव्हते, ते पुढे कायद्याला पाडावे लागले.

एका तालुक्याच्या कचेरीत मी फेरफाराच्या नकलेसाठी तिसऱ्यांदा गेलो होतो. कारकून सज्जन होते, बसा म्हणाले. गठ्ठा सोडून त्यांनी माझा अर्ज अर्ध्या मिनिटात काढून दाखवला. ‘‘हे बघा, काका, सापडला. प्रतीक्षेत आहे.’’

‘‘कोणाच्या?’’ मी विचारले.

त्यांनी अर्ज उलटून पाहिला, परत जागेवर ठेवला आणि गठ्ठा नीट बांधला.