सुयांचा प्रिंटर : टाकाऊ की टिकाऊ?

बँकेत पासबुक भरताना कर्रकर्र आवाज करणारे यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. लेसर प्रिंटर आल्यावर तो भंगारात काढण्याच्याच लायकीचा उरला, असे मत शाळांच्या कार्यालयांतही ऐकू येते. हे मत तपासून घ्यायला हवे, कारण आपल्या हातातला कागदी पुरावा किती वर्षे वाचता येईल हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रथम रचना पाहू. या प्रिंटरच्या डोक्यात ९ किंवा २४ बारीक सुया असतात. विद्युतचुंबकाच्या साहाय्याने सुई झटक्यात पुढे येते, शाईच्या रिबनवर आदळते आणि कागदावर ठिपका उमटतो. अनेक ठिपके मिळून अक्षर तयार होते. १९८० साली एप्सनचा एमएक्स-८० हा ९ सुयांचा प्रिंटर आला आणि हे तंत्र लहान कार्यालयांपर्यंत पोचले. १९८४ मध्ये एचपीचा लेसरजेट आला. त्याने इंचाला ३०० ठिपके दिले. ९ सुयांचा प्रिंटर एका फेरीत उभ्या इंचात ७२ ठिपकेच देतो.

हा फरक देवनागरीला फार जाचतो. वर वेलांटी आणि रफार, मध्ये शिरोरेषा, खाली उकार, एवढे सगळे ठिपक्यांच्या ९ ओळींत कसे मावणार? २४ सुयांनी परिस्थिती सुधारते, पण जोडाक्षरे आणि आकृत्या लेसरइतक्या रेखीव येत नाहीत. शिवाय वेग कमी आणि आवाज कानाला त्रास देणारा. तेव्हा प्रश्नपत्रिकेसाठी हा प्रिंटर वापरण्याचा हट्ट धरणे व्यर्थ आहे.

पण ज्या ठोक्यामुळे आवाज होतो, त्या ठोक्यातच या यंत्राचे बळ आहे. खाली कार्बनचे कागद ठेवले, तर एकाच आघातात दोन-तीन प्रती निघतात. पावतीची मूळ प्रत व स्थळप्रत एकाच ठोक्याने उमटल्या, तर दोन्हींतील आकडा तोच असणार. लेसरवर प्रत्येक प्रत वेगळी छापावी लागते, आणि दोन छपायांच्या मधल्या वेळात संगणकातील आकडा बदलता येतो. लेसर प्रिंटर टोनरची पूड सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानाच्या रुळाखाली वितळवून कागदाला चिकटवतो. शिवलेले पासबुक त्या रुळांतून नेणे सोयीचे नाही. टिकाऊपणात मात्र लेसरला कमी लेखू नये. कार्बनची काजळी असलेला काळा टोनर चांगला टिकतो.

खरी चिंता तिसऱ्याच तंत्राची आहे. दुकानात मिळणारी गुळगुळीत पावती बहुधा औष्णिक कागदावर असते. तिथे शाई नसतेच. कागदाच्या लेपात एक रंगहीन रंजकद्रव्य आणि त्याला रंग आणणारे दुसरे द्रव्य असते. उष्णता लागली की दोन्ही एकत्र येतात आणि काळे अक्षर दिसते. ही क्रिया उलटही होऊ शकते. ऊन, तेलकट हात किंवा काही प्लॅस्टिकच्या पिशव्यांतील द्रव्ये यांनी अक्षर फिके पडते. रंग आणणारे द्रव्य म्हणून बिस्फेनॉल-ए वापरले जात असे. आरोग्याच्या कारणास्तव युरोपीय संघाने २०२० पासून अशा कागदात त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले आहे. असे यंत्र लहान, शांत आणि रिबनविना चालणारे असले, तरी फीची पावती त्यावर देणे म्हणजे पालकाच्या हाती पुसट होत जाणारा पुरावा देणे होय.

म्हणून यंत्राचे वय विचारू नये, कामाची गरज विचारावी. प्रश्नपत्रिका आणि निकालपत्र लेसरवर. स्थळप्रतीसह पावती हवी असेल तिथे सुयांचा प्रिंटर. चालू स्थितीतला असा प्रिंटर शाळेत असेल, तर तो भंगारात घालण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग देता येईल. पासबुकातील अक्षर भिंगाखाली पाहून त्यातील ठिपके मोजावेत. मग दुकानाच्या नको असलेल्या दोन पावत्या घ्याव्यात. एक वहीत मिटून ठेवावी, दुसरी खिडकीतल्या उन्हात. महिन्याभराने दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात आणि कोणती पावती जपून ठेवण्याजोगी आहे हे त्यांनीच ठरवावे.